लालाजी बे, लाँग आयलंड: विदर्भातल्या गावांतून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमान म्हटलं की आपल्या यवतमाळ-वाशीम पट्ट्यात दोनच नावं निघतात, सेल्युलर जेल आणि राधानगर. लालाजी बे या तिथल्याच किनाऱ्याचं नाव काढलं की मात्र प्रश्न संपत नाहीत. पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, कृषी केंद्रासमोर गाडी लावता लावता लोक विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ज्या बोलीत आले तिच्यातच ठेवले आहेत, उत्तरं जरा नीटनेटकी केली आहेत.

हे लालाजी बे हाय तरी कुठं?

मध्य अंदमानच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचं छोटं बेट आहे. जेट्टीला लागून गाव, बाकी सगळं जंगल. एके काळी इथे प्लायवूडचा कारखाना चालायचा, आता तो नाही. लालाजी बे त्याच बेटावर, गावापासून दूर, जंगलापलीकडे. पांढऱ्या वाळूची कमान, पाठीशी झाडी, दोन्ही टोकांना खडक. गाडीरस्ता नाही, हॉटेल नाही, चहाची टपरी नाही. "मग पाहायचं काय?" असं वाटत असेल तर पुढचं वाचू नका, राधानगरला जा. तेही सुंदर आहे आणि तिथे भजी मिळतात.

समुद्रच पाहाचा तं कोकण काय वाईट हाय?

काहीच वाईट नाही. उलट, ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नाही त्यानं आधी कोकणात जावं असंच मी सांगतो. तिथे गावं जवळ, दवाखाना जवळ, माणसं मराठी बोलणारी. लालाजी बे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी. घरातले सगळे अंदमानला निघालेच असतील तर मात्र कार्यक्रमात दोन दिवस वाढवा आणि हे बेट घ्या. एका दिवसात उरकायचं असेल तर घेऊ नका, कारण अर्धा दिवस जेट्टीवर वाट पाहण्यातच जातो.

गावातून निघून पोहोचाचं कसं?

पहिला टप्पा चेन्नई. नागपूर, बल्लारशाहवरून चेन्नईच्या गाड्या आहेत. नागपूर ते चेन्नई साधारण ११०० किलोमीटर, म्हणजे एक रात्र आणि दिवसाचा बराचसा भाग गाडीत. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर विमानाने दोन-सव्वादोन तास. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं, तेव्हा तिकिटावर कोणतंही नाव दिसलं तरी घाबरू नका, गाव एकच. जहाजानेही जाता येतं, पण त्यात तीन-एक दिवस जातात आणि ज्याला एसटीत उलटी होते त्यानं तो नाद करू नये.

पोर्ट ब्लेअरहून पुढे दोन वाटा. सरकारी बोट थेट लाँग आयलंडला जाते, पण रोज नाही, आणि वेळापत्रक बदलत राहतं. दुसरी वाट रस्त्याची. अंदमान ट्रंक रोडने रंगतपर्यंत, सुमारे १७० किलोमीटर. अंतर ऐकून "दुपारच्या जेवणाला पोहोचू" म्हणू नका, सहा-सात तास धरा, कारण मध्ये पोलिसांसोबतच्या गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबावं लागतं. रंगतजवळच्या येराटा जेट्टीवरून लाँग आयलंडची बोट मिळते. ती खारफुटीच्या खाडीतून जाते आणि प्रवासातला सगळ्यात देखणा तास तोच. बोटीच्या कडेला जागा धरा.

भारतीय माणसाला लाँग आयलंडसाठी वेगळा परवाना लागत नाही. आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं अस्सल हवं, पिशवीत तळाशी नव्हे, हाताशी.

ते बाण मारणारे लोक तिथं तं नाई ना?

नाहीत. तुम्ही ऐकलंय ते उत्तर सेंटिनेल बेट. ते दक्षिण अंदमानच्या पश्चिमेला, तिथे जायला पूर्ण बंदी. लाँग आयलंड वेगळ्याच बाजूला आहे.

रस्त्याने गेलात तर जिरकाटांगपासून जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जावं लागतं. ठरलेल्या वेळेला गाड्यांचा ताफा सुटतो, पोलीस सोबत असतात. मध्ये थांबायचं नाही, काच खाली करून बिस्किटाचा पुडा द्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. हा कायदा आहे आणि गुन्हा दाखल होतो. ड्रायव्हरला "जारवा दिसला तर गाडी हळू कर" असं सांगणारी माणसं आपल्याकडचीही असतात. भामरागडच्या माडिया बाईच्या तोंडावर मोबाइल धरणं जितकं ओंगळ, तितकंच हेही.

जायले बरा महिना कोणता?

फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या जवळजवळ तिप्पट. मे महिन्यात सुरू होतो आणि परतीचा पाऊस थेट डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. समुद्र शांत असतो तो त्यानंतर.

शेतकऱ्याच्या हिशेबाने हे चांगलं जुळतं. कापसाचे वेचे संपत आलेले, तूर निघून घरात पडलेली. ओलिताचा हरभरा-गहू ज्याच्याकडे आहे त्यानं सोंगणीचा अंदाज घेऊन तारीख काढावी. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं, पावसात बोट रद्द झाली तर बेटावर अडकून पडाल, आणि इकडे सोयाबीनचे पैसे विमानाचं तिकीट बदलण्यात जातील.

पायी जाऊ का बोटीनं?

दोन्ही होतं. पायी गेलं तर जंगलातून एका बाजूने दीड-दोन तास. बोटीने, म्हणजे तिथले लोक जिला डुंगी म्हणतात त्या छोट्या मोटारबोटीने, फार कमी वेळ लागतो. डुंगी आख्खी ठरवावी लागते, म्हणून सात-आठ जण मिळून गेलात तर परवडते.

आपली माणसं चालायला घाबरत नाहीत, म्हणून पायीच निघतात. निघा, पण वाटाड्या घ्या. सागाच्या जंगलात पानगळ झाली की पार पलीकडची टेकडी दिसते. तिथलं जंगल बारमाही हिरवं. वेली, झाडाच्या बुंध्याला फुटलेल्या उभ्या भिंतींसारख्या मुळ्या, खाली कुजका पाला. दहा पावलं पुढचा माणूस दिसेनासा होतो. वाट पावसाळ्यात बुजते आणि दरवर्षी थोडी सरकते. "जंगलात लहानाचा मोठा झालो" म्हणणारा गडीही तिथे दिशा चुकू शकतो. पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. ओलसर दिवस असेल तर जळवा लागतात. त्या ओढून काढायच्या नाहीत, मीठ लावलं की सुटतात.

माझी पसंती: जाताना पायी, येताना डुंगी. डुंगीवाल्याला उतरायची नव्हे, घ्यायला यायची वेळ पक्की करून ठेवा आणि निम्मे पैसे तो घ्यायला आल्यावरच द्या.

अजून एक. तिथे सूर्य लवकर मावळतो. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला, पण घड्याळ तेच. नागपूरपेक्षा दिवस सुमारे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच बुडतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. परतीला पायी असाल तर तीनच्या आत किनारा सोडा. मोबाइलमध्ये "अजून तर चारच वाजले" असं दिसतं आणि माणसं तिथेच फसतात.

भरती-ओहोटी म्हणजे नेमकं काय न् तिचा आपल्याले काय संबंध?

सगळा संबंध तिचाच आहे. आपल्याला पूर कळतो. वर कुठे पाऊस झाला, पैनगंगा फुगली, पाणी गढूळ झालं, वाहून आलेला काडीकचरा दिसला, की आपण काठावरून मागे सरतो. पुराला कारण असतं आणि तो येताना दिसतो. भरतीला यातलं काही नाही. आभाळ निरभ्र, पाणी काचेसारखं, आणि तरी ते चढतं. दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, मधलं अंतर साधारण सहा तासांचं. दुसऱ्या दिवशी तीच भरती पन्नासेक मिनिटं उशिरा येते. अंदमानात मोठ्या भरतीला पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने बदलते, म्हणजे ओहोटीला जिथे कोरडे उभे होता तिथे डोक्यावरून पाणी.

लालाजी बेला याचा फरक तीन ठिकाणी पडतो. एक, ओहोटीला वाळूचा पट्टा रुंद होतो, टोकाचे खडक उघडे पडतात आणि माणूस "पलीकडे काय आहे" म्हणत खडकांवरून पुढे जातो. परत फिरेपर्यंत मधला खोलगट भाग भरलेला असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चढता न येणारा काठ. तिथे वाट पाहण्याशिवाय गत्यंतर नाही. दोन, डुंगी ओहोटीला किनाऱ्याला लागू शकत नाही, कारण खाली प्रवाळ आणि दगड वर आलेले असतात. तेव्हा तुम्ही म्हणाल त्या वेळेला डुंगी येणार नाही, पाणी म्हणेल त्या वेळेला येईल. तीन, पिशव्या आणि चपला. त्या वाळूवरच्या वाळक्या शेवाळाच्या रेषेच्या वर ठेवायच्या. ती रेषा म्हणजे मागची भरती कुठवर आली होती त्याची खूण.

मोठी भरती कधी, हे ओळखायला आपल्याकडे भिंतीवर कॅलेंडर आहेच. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास पाणी कमी हलतं. सूर्य-चंद्र एका रेषेत आले की त्यांची ओढ एकत्र होते, म्हणून असं होतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे तारीख धरा. नेमकी वेळ मात्र कॅलेंडरवरून काढायची नाही, ती आदल्या संध्याकाळी डुंगीवाल्याला विचारायची.

मी लहानपणापासून विहिरीत पोहतो, मले कायचं भेव?

विहिरीत पाणी जागच्या जागी असतं. इथे ते ओढतं. खाऱ्या पाण्यात अंग हलकं तरंगतं, त्यामुळे सुरुवातीला फार सोपं वाटतं. किनाऱ्यावर लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा गुळगुळीत, लाट न फुटणारा दिसला की आपली मंडळी तिथेच शिरतात, "इथं शांत हाय" म्हणून. तिथूनच पाणी आत परत जात असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत बाजूला सरका, ओढ सुटली की मग आत या.

लालाजी बेला जीवरक्षक नाही. कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, हा नियम आमच्या गावच्या गटात घालून दिला आहे. पोहणाऱ्यांना तो सगळ्यात आधी लागू.

मगर राहते म्हणते, खरं हाय का?

खरं आहे. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे, खारफुटीच्या खाड्यांत तिचा वावर जास्त. २०१० मध्ये हॅवलॉक बेटावर राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक महिलेचा तिच्या हल्ल्यात जीव गेला. लालाजी बेला उतरण्याआधी गावात विचारा, "हल्ली दिसली का?" टिपेश्वरच्या आसपासच्या माणसाला हे शिकवायला नको, वाघाचा माग लागला की आपण त्या नाल्याला जात नाहीच. गढूळ ओहोळ जिथे समुद्राला मिळतो तिथे पाण्यात उतरायचं नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नाहीच.

माय येईन म्हणते, सत्तरीची हाय. जमन का?

गुडघे कसे आहेत त्यावर. पायवाट नको, डुंगी घ्या. अडचण उतरताना आहे. तिथे जेट्टी नाही. डुंगी वाळूजवळ येते, डुंगीवाला पाण्यात उडी मारून नाव धरतो, आणि तुम्हाला कडेवरून पाय टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं. लाट आली की डुंगी वर उचलली जाते, गेली की खाली बसते. खाली बसली त्या क्षणी उतरायचं. उचललेली असताना पाय टाकला की तोल जातो. म्हाताऱ्या माणसाला पाठीमागून एकाने, खालून दोघांनी धरावं आणि डुंगीवाल्याच्या "अभी!" शिवाय हलू नये. त्याचं ऐका, मुलाचं नाही.

लुगडं नेसणाऱ्या बायांचं बरं असतं, काष्टा वर खोचला की झालं. पाचवारीवाल्यांचीच तारांबळ. त्या दिवशी सलवार-कुर्ता घाला, कुणी ओळखीचं पाहायला येत नाही. लाइफ जॅकेट अंगावर चढल्याशिवाय डुंगी हलू द्यायची नाही.

आम्ही ४५ डिग्रीतले. तिथलं ऊन आमाले काय करणार?

थर्मामीटरवर तिथे तीस-बत्तीसच दिसेल आणि तरी तुम्ही गळून बसाल. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि अंग निवतं. तिथे हवा दमट, घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता निथळतो. तहान लागल्याचं उशिरा कळतं. वर पाणी आणि पांढरी वाळू दोन्हीकडून ऊन परत अंगावर येतं. डोक्याला दुपट्टा बांधायची आपली सवय इथे कामी येते. ओआरएसची पाकिटं घ्या.

खायले-प्यायले काय नेऊ?

सगळं. बेटावर राहण्याच्या ठिकाणी भात, डाळ, मासे, अंडी मिळतात. आदल्या दिवशी सांगितलं तर डबा बांधून देतात. किनाऱ्यावर काहीही मिळत नाही, पिण्याचं पाणीसुद्धा नाही. माणशी तीन लिटर तरी धरा.

घरून न्यायला शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-फुटाणे, ज्वारीच्या खारोड्या, चिवडा. हे दमट हवेत मऊ पडतं, पण नासत नाही. ओला ठेचा आणि तेलाचं लोणचं विमानात हातातल्या पिशवीत घेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात. चांगलं बांधून मोठ्या बॅगेत टाका.

तिथं खर्रा भेटते का?

नाही. आणि नेऊही नका. एक वेळ माणूस राहील, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेली पन्नी त्या वाळूवर पडलेली पाहवत नाही. तुम्ही आणलेली प्रत्येक पन्नी, बाटली, पुड्याचा कागद परत गावात आणायचा. तिथे झाडायला कुणी येत नाही.

समुद्राची ओटी भराची असते, आमच्या बाया आयकत नाई.

भरू द्या. हळद-कुंकू वाहावं, फुलं सोडावीत. ब्लाउज पीस, प्लास्टिकच्या बांगड्या, उदबत्तीचा पुडा पाण्यात टाकू नये, कासवांच्या आणि माशांच्या पोटात जातं. नारळ फोडून सगळ्यांनी खावा. समुद्राला नारळाची कमी नाही.

फोन लागन का? पैसे फोनपेवर चालते का?

२०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून अंदमानला समुद्राखालून केबल आली आणि ती लाँग आयलंडलाही जोडली आहे, त्यामुळे गावात पूर्वीपेक्षा बरं आहे. किनाऱ्यावर मात्र नेटवर्क धरून चालू नका. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुपारभर फोन लागला नाही म्हणून इकडे अख्खं गाव गोळा होतं. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, त्यात सुट्टे जास्त.

बोलाचं कोणत्या भाषेत?

हिंदीत, सगळ्यांना येते. बंगाली, तमिळ, तेलुगू, छोटा नागपूरकडून आलेले रांचीवाले, अशी सरमिसळ आहे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना मध्य अंदमानात जमिनी मिळाल्या, तशाच आपल्या चामोर्शी-मुलचेऱ्यातही मिळाल्या. गडचिरोलीकडचं कुणी सोबत असेल तर त्याची तिथे लगेच ओळख निघते आणि भातावर एक मासा जास्त पडतो.

किनाऱ्यावर रात्री राहता येते का?

वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही, आणि जाळ तर नाहीच. गावात राहा. संध्याकाळी वाळूवर बसलात की डोळ्यांना न दिसणाऱ्या वाळूमाश्या चावतात, खाज आठवडाभर राहते. पायावर खोबरेल थापून घ्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

अन् सुनामी आली तं?

२६ डिसेंबर २००४ ची सगळ्यांना आठवते, म्हणून हा प्रश्न येतोच. रोजच्या प्रवासात तिची धास्ती बाळगायचं कारण नाही, पण दोन खुणा माहीत हव्यात. जमीन इतकी हलली की उभं राहणं कठीण झालं, किंवा ओहोटीची वेळ नसताना समुद्र अचानक लांबवर मागे गेला. यातलं एकही झालं तर मासे वेचायला, व्हिडिओ काढायला पुढे जायचं नाही. सामान टाकून झाडीतून उंचावर चढायचं आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली यायचं नाही, मागून आणखी येतात.

काही लागलं-दुखलं तं?

बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही झालं तर रंगत, नाहीतर थेट पोर्ट ब्लेअर. बीपी-शुगरच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या ठेवा, बोट चुकू शकते. प्रवाळाने पाय कापला तर गोड्या पाण्याने नीट धुवा, कण आत राहिला की जखम चिघळते.

पोरायसाठी शंख-शिंपले आणता येते ना?

वाळूवर पडलेलं असलं तरी नाही. प्रवाळाला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला पांढरा तुकडासुद्धा चालत नाही. परतताना विमानतळावर बॅगा तपासतात, तिथे काढून घेतात आणि दंडाचं झंझट मागे लागतं. आणायचंच असेल तर पोर्ट ब्लेअरला "सागरिका" हे सरकारी विक्री केंद्र आहे, तिथून घ्या. पावती सामानात नको, खिशात ठेवा, कारण तपासणीच्या वेळी मोठी बॅग आधीच आत गेलेली असते.